वीजग्राहक क्रमांक 'अतिगोपनीय' आणि सिकलसेल 'सर्वसाधारण'

क्लाउडवरच्या डेटाबेसला ऑटोमॅटिक सेन्सिटिव्हिटी लेबलिंग लावलं, म्हणजे कुठला कॉलम किती गोपनीय ते यंत्रालाच ठरवायला दिलं, की पहिलं स्कॅन संपताच डॅशबोर्ड रंगीबेरंगी होतो. इतके कॉलम गोपनीय, इतके अतिगोपनीय, बाकीचे सर्वसाधारण. ते रंग बघून बहुतेक जण खूश होतात आणि पुढच्या कामाला लागतात. आमच्या डेटाबेसचे रंग मी नीट बघितले आणि मला घाम फुटला. महावितरणच्या ग्राहक क्रमांकाच्या कॉलमला 'अतिगोपनीय' लेबल लागलं होतं. नंदुरबारकडच्या आरोग्य शिबिरांतल्या सिकलसेल या आनुवंशिक आजाराच्या तपासणीच्या निकालाला 'सर्वसाधारण'. आणि त्याच शिबिरांच्या टेबलमधल्या आधार क्रमांकालाही तेच.

मी भुसावळला राहते आणि घरूनच डेटाबेसचं काम करते. ज्या संस्थेचा हा डेटा आहे ती रावेर-यावल पट्ट्यातल्या केळी उत्पादकांची ठिबकच्या अनुदानाची कागदपत्रं करून देते आणि सातपुड्यात, अक्राणी-अक्कलकुव्याकडे, आरोग्य शिबिरं घेते. दोन्हीकडचा डेटा मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडवरच्या एकाच अझूर एसक्यूएल डेटाबेसमध्ये आहे. लेबलं मायक्रोसॉफ्ट पर्व्ह्यू या डेटा तपासून वर्गवारी करणाऱ्या साधनातून लागतात. आमच्याकडे बाहेर जाणाऱ्या रिपोर्टमध्ये कुठला कॉलम जाईल आणि कुठला गाळला जाईल, हे आमची स्क्रिप्ट लेबल बघून ठरवते. ज्या कॉलमला दुसरं लेबल लागत नाही तो आमच्याकडे 'सर्वसाधारण' धरला जातो, म्हणजे देणगीदारांच्या एक्सेल शीटपर्यंत सरळ पोचू शकतो. हे कळल्यावर मी आधी ती स्क्रिप्ट थांबवली आणि मग कारणं शोधायला बसले.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण यावर बरेच जण गाफील असतात. पर्व्ह्यूच्या डेटा मॅपमध्ये, म्हणजे त्याच्या नोंदवहीत, कॉलमला लागलेलं लेबल ही फक्त त्या कॉलमबद्दलची नोंद असते. त्यामुळे डेटाबेसमधला डेटा एन्क्रिप्ट होत नाही, कुणाची क्वेरी अडत नाही. त्या नोंदीवर पुढे काय करायचं ते आपण ठरवायचं असतं. म्हणून नोंद चुकली की पुढचं सगळं चुकतं.

लेबल लागण्याची साखळी अशी: स्कॅनर डेटाबेसमध्ये शिरतो, कॉलमची नावं आणि थोड्या ओळींचा नमुना वाचतो, नमुन्यावर स्कॅन रूल सेटमधले नियम चालवून 'हा आधार', 'हा पॅन' असं वर्गीकरण करतो आणि त्या वर्गीकरणावरून लेबल लावतो. लेबल दिसत नसेल तर बहुतेक जण लेबलच्या सेटिंगमध्ये जाऊन तेच उलटंपालटं करत बसतात. मी उलटीकडून जाते. आधी कॉलमवर वर्गीकरण आलंय का बघायचं. वर्गीकरण आहे आणि लेबल नाही, तर लेबलची व्याप्ती तपासायची: ते फक्त फाइल आणि ईमेलपुरतं आहे की डेटाबेससारख्या इतर डेटालाही चालू केलंय? आणि बदल केल्यावर पुन्हा स्कॅन करायचं, कारण जुन्या नोंदी आपोआप बदलत नाहीत. वर्गीकरणच नसेल, तर लेबलच्या पानावर वेळ घालवण्यात अर्थ नाही. मग प्रश्न एकच: स्कॅनरला तिथे नेमकं काय दिसलं?

शिबिरांच्या टेबलमधल्या आधारचं उत्तर इथेच सापडलं. धुळ्याचा एक सहकारी आहे, स्कॅनरच्याच परवानग्या असलेल्या खात्यातून त्याला तीच क्वेरी चालवून बघायला सांगितली. तो फोनवर म्हणाला, "ताई, आठे तं काहीच नही शे. नुसतं एक्स एक्स एक्स एक्स." त्या कॉलमवर डायनॅमिक डेटा मास्किंग होतं, म्हणजे वाचणाऱ्याला खऱ्या आकड्यांऐवजी एक्स दाखवायची सोय. स्कॅनरच्या खात्याला 'डीबी डेटारीडर' हा रोल दिलेला असतो आणि वाचायला तो पुरतो, पण मास्कमागचा खरा आकडा बघायला 'अनमास्क' ही परवानगी वेगळी लागते. ती नसेल तर स्कॅनरलाही नुसते एक्स दिसतात. बारा आकडेच नाहीत म्हटल्यावर तो कशाला आधार म्हणेल?

हे फार महत्त्वाचं आहे. ज्या कॉलमची आपण सगळ्यांत जास्त काळजी घेतली तोच लेबलाशिवाय राहतो. 'ऑल्वेज एन्क्रिप्टेड' कॉलमचंही तसंच, स्कॅनरला नुसता सांकेतिक मजकूर दिसतो. रो-लेव्हल सिक्युरिटी, म्हणजे कुणाला कुठल्या ओळी दिसाव्यात याचा नियम, लावलेली असेल तर स्कॅनरच्या वाट्याला एकही ओळ न येणं शक्य असतं, टेबल रिकामंच वाटतं. आणि स्कॅन मात्र 'यशस्वी' म्हणून हिरवं होतं, कारण त्याच्या दृष्टीने काही चुकलेलंच नसतं. मास्किंग केलेल्या कॉलमसाठी स्कॅनरला अनमास्क द्यायचं की त्या कॉलमला हाताने लेबल लावायचं, यावर आमच्यात बरीच चर्चा झाली. मी हाताने लावायच्या बाजूची. मास्किंग कुठे केलंय ते आपल्याला माहीतच असतं, मग तेवढ्यासाठी एका यंत्राला सगळ्यांचे आधार क्रमांक उघडे कशाला करून द्यायचे?

केळी उत्पादकांच्या टेबलमधली अडचण वेगळी होती. तिथे मास्किंग नव्हतं, तरी नव्या याद्यांतला आधार ओळखला जात नव्हता. या याद्या गावोगावहून एक्सेलमध्ये येतात. एक्सेलमध्ये कॉलम 'जनरल' असेल तर बारा आकडी संख्या ७.२३ई+११ अशी दिसते, आणि फाइल सीएसव्ही म्हणून, म्हणजे साध्या मजकुराच्या रूपात, सेव्ह केली की जे दिसतं तेच लिहिलं जातं. मूळचे आकडे गेले ते गेलेच. लेबल लागलं नाही ही इथे छोटी गोष्ट आहे, शेतकऱ्याचा आधार क्रमांकच डेटाबेसमध्ये पोचलेला नसतो आणि मग अनुदानाचा अर्ज अडतो. आता यादी भरणाऱ्या प्रत्येकाला आम्ही कॉलम 'टेक्स्ट' केलेला कोरा नमुनाच पाठवतो.

जुन्या याद्यांची तऱ्हा आणखी न्यारी. काही गावांत आकडे देवनागरीत भरलेले. नियमातलं 'कुठलाही अंक' हे चिन्ह नियम चालवणाऱ्या प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये सारखं वागत नाही: मायक्रोसॉफ्टच्या डॉट नेटमध्ये ते मुळात देवनागरी ७ सुद्धा अंक म्हणून घेतं, गूगलच्या आरई२ मध्ये फक्त इंग्रजी आकडे चालतात. त्याहून अवघड म्हणजे युनिकोडच्या, आज सगळीकडे चालणाऱ्या अक्षरांच्या मानकाच्या, आधीचे मराठी फॉन्ट. त्या काळच्या फाइलींतली नावं आत इंग्रजी अक्षरांच्या आणि चिन्हांच्या रूपात साठवलेली असतात. त्या फॉन्टमध्ये 'चौधरी' वाचता येतं, डेटाबेसमध्ये मात्र कंस, डॉलर आणि उद्गारचिन्हांची खिचडी. आणि युनिकोड मराठी साध्या व्हारचार प्रकारच्या, मुख्यतः इंग्रजी अक्षरांसाठीच्या, कॉलममध्ये टाकली की बहुतेक वेळा नावाच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग उरते. अशा ठिकाणी नियम सुधारून काही होत नाही, आधी डेटा युनिकोडमध्ये आणि ते साठवणाऱ्या एनव्हारचार कॉलममध्ये आणावा लागतो.

आता वीजग्राहक क्रमांक. ठिबकच्या कागदांबरोबर शेतकऱ्याच्या पंपाचं बिल येतं, त्यावरचा महावितरणचा ग्राहक क्रमांक बारा आकडी असतो. आधारही बारा आकडी. आमच्या रूल सेटमध्ये 'बारा आकडे म्हणजे आधार' असा एक साधा नियम आधीपासून लिहिलेला होता, आणि त्याने ग्राहक क्रमांकाचा अख्खा कॉलम गिळला. आधारचा बारावा आकडा मात्र असाच नसतो, तो आधीच्या अकरांवरून काढलेला तपासणी अंक असतो. त्यासाठीची पद्धत याकोबस व्हरहूफ या डच गणितज्ञाची, १९६९ची. एखादा आकडा चुकला किंवा शेजारचे दोन आकडे अदलाबदल झाले तर ती हमखास पकडते. शिवाय आधार कधी ० किंवा १ ने सुरू होत नाही. पर्व्ह्यूत आधारसाठी तयार नियम आहे आणि तो तपासणी अंक बघतो. कुठलेही बारा आकडे घेतले तर दहातला साधारण एकच योगायोगाने या तपासणीतून पार होतो, म्हणून कॉलममध्ये निम्म्याहून जास्त आकडे जुळले तरच आधार म्हणायचं, असं धरलं की ग्राहक क्रमांक आपोआप बाजूला पडतो. साधा नियम काढून तयार नियम लावल्यावर तो कॉलम शांत झाला.

आधारबद्दल मला थोडं जास्त वाटतं, त्याला कारण आहे. देशात आधारचं वाटप सुरू झालं तेच आमच्या खान्देशात, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावी, २९ सप्टेंबर २०१० रोजी, पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या उपस्थितीत. ज्या मुलखातून हा क्रमांक देशभर गेला, त्या मुलखातल्या माणसांचा क्रमांक तरी नीट सांभाळला जावा असं मला मनापासून वाटतं.

त्याच भागातल्या शिबिरांच्या दुसऱ्या एका टेबलात आधारचा कॉलम उघडा असूनही ओळखला जात नव्हता. उघडून बघितलं तर निम्म्या ओळींत मनाला येतील ते बारा आकडे. शिबिरात आलेल्या माणसाजवळ कार्ड नसतं, फॉर्म रिकामा सोडून पुढे जाता येत नाही, म्हणून भरणारी मुलगी कुठलेही आकडे दाबून मोकळी होते. तिचं काही चुकलं नाही. रांग लागलेली असते, नेटवर्क येतंजातं. पर्व्ह्यूत स्वतःचा नियम लिहिताना किमान जुळणीसाठी ६० टक्के ही मर्यादा सुचवलेली असते. निम्मे आकडे भरताड असतील तर उरलेले सगळे खरे असूनही कॉलम त्या रेषेच्या खालीच राहणार. यावर उपाय फॉर्ममध्ये होता: 'कार्ड जवळ नाही' असा पर्याय दिला आणि तो रकाना रिकामा सोडायची मुभा दिली.

इथपर्यंतचं सगळं तांत्रिक आहे, शोधलं की सापडतं. सिकलसेलचा कॉलम मात्र मला अजून अस्वस्थ करतो.

सिकलसेल हा रक्तातल्या हिमोग्लोबिनचा आनुवंशिक आजार. तपासणीचा निकाल तीनपैकी एक येतो: एए म्हणजे निरोगी, एएस म्हणजे वाहक, एसएस म्हणजे आजार. वाहक माणूस सहसा ठणठणीत असतो, पण नवरा-बायको दोघंही वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात बाळाला आजार असण्याची शक्यता चारात एक. सातपुड्यातल्या आदिवासी पाड्यांत हा आजार बराच आढळतो, म्हणून तिथे तपासण्या होतात. १ जुलै २०२३ रोजी केंद्राने राष्ट्रीय सिकलसेल ॲनिमिया निर्मूलन मोहीम सुरू केली, २०४७ पर्यंत आजार हटवायचं उद्दिष्ट ठेवून. तपासण्या व्हायलाच हव्यात. पण त्या निकालाची दोन अक्षरं चुकीच्या माणसाच्या हाती पडली तर एखाद्या मुलीची ठरलेली सोयरीक मोडते.

आता हा कॉलम स्कॅनरच्या नजरेने बघा. कॉलमचं नाव रोमन अक्षरांत 'निकाल'. अझूर एसक्यूएलची स्वतःची जी वर्गीकरणाची सोय आहे, ती कॉलमच्या नावावरून शिफारशी करते, आणि तिला इंग्रजी नावांची सवय. 'निकाल' तिच्यासाठी काहीच नाही. आत काय, तर दोन-दोन अक्षरं. आणि मुख्य अडचण पुढेच आहे. पर्व्ह्यूत नियम लिहिताना 'किमान इतकी वेगवेगळी मूल्यं कॉलममध्ये असली तरच तपासायचं' अशीही एक मर्यादा असते, तिथे ८ सुचवलेलं असतं. ती असण्यामागे कारण आहे, चार-दोन मूल्यांवरून निष्कर्ष काढला तर खोटी लेबलं फार लागतील. पण सिकलसेलच्या कॉलममध्ये वेगवेगळी मूल्यं आहेत तीन! हजारो माणसांच्या ओळी असल्या तरी तीनच. नियम तिथे पोचायच्या आधीच थांबतो.

आणि हे फक्त सिकलसेलचं नाही. जातीचा प्रवर्ग घ्या: एससी, एसटी, ओबीसी, खुला, अजून दोन-तीन. एचआयव्ही: हो किंवा नाही. गरोदर: हो किंवा नाही. अपंगत्व, विधवा, परित्यक्ता. माणसाला ज्यामुळे खरोखर दुखापत होते ती माहिती बहुतेक वेळा अशी मूठभर शब्दांत मावते. पॅनमध्ये पाच अक्षरं, चार आकडे, एक अक्षर. बँकेच्या आयएफएससी कोडमध्ये अकरा जागा आणि पाचव्या जागी शून्य. त्यांना आकार आहे म्हणून यंत्र त्यांना धरतं. 'हो'ला कसला आकार?

कायद्याकडूनही यादी आयती मिळत नाही. २०११च्या माहिती तंत्रज्ञान नियमांत संवेदनशील माहितीची यादी होती, त्यात पासवर्ड, बँक तपशील, आरोग्य, बायोमेट्रिक हे होतं, जात-जमात नव्हती. २०१९च्या विधेयकात जात-जमात आली, पण ते विधेयक मागे घेतलं गेलं. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात संवेदनशील असा वेगळा वर्गच ठेवलेला नाही. माहिती सांभाळण्यात हयगय झाली तर २५० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे, पण कुठला कॉलम जास्त जपायचा हे ज्याचं त्याने ठरवायचं.

म्हणून मी ठरवायला त्या माणसांकडे गेले ज्यांना ते माहीत आहे. शिबिरांचं काम बघणाऱ्या एक ताई आहेत, धडगावकडच्या. त्यांना फोन केला.

"ताई, हा निकालाचा कॉलम तुमच्याकडे कोण कोण बघतं?"

"सगळेच बघतात, मॅडम. गाडीचा हिशोब ठेवणारे दादा पण त्याच शीटमध्ये लिहितात."

"आणि 'शेरा'मध्ये काय लिहिता?"

त्या थोडं थांबल्या. "ते आमचं आमच्यासाठी असतं. तुम्ही पण बघता का ते?"

मी तोवर 'शेरा' उघडलाच नव्हता. मोकळा मजकूर आहे, त्याला वर्गीकरण नाही, म्हणून तो कुणाच्या नजरेतच नव्हता. त्यांच्या परवानगीने काही ओळी बघितल्या. एका ओळीत होतं: 'सासरी सांगू नये.' दुसऱ्या एका ओळीत: 'धाकटीची तपासणी बाकी, आईला एकटीला भेटणे.' ज्या नर्सने हे लिहिलं तिने त्या बाईचा शब्द पाळायला म्हणून लिहिलं होतं, आणि आमची स्क्रिप्ट तो कॉलम 'सर्वसाधारण' म्हणून बाहेर पाठवायच्या तयारीत होती.

ताईंनीच पुढे दाखवून दिलं की नाव गाळून भागत नाही. सातपुड्यात आडनाव सांगितलं की बरंच कळतं: पाडवी, वसावे, वळवी, पावरा. आणि पाडा म्हणजे पंधरा-वीस घरं. पाड्याचं नाव, वय १९, स्त्री, निकाल एएस एवढं एका ओळीत आलं की तिथल्या कुणालाही ती मुलगी कोण ते कळतं. यातला एकेक कॉलम वेगळा बघितला तर पाडा आणि वय खरंच सर्वसाधारण आहेत. ते चार एकत्र आले की नाहीत. कॉलमवार लेबल लावणाऱ्या यंत्राकडून हे होणं अवघड आहे, हे काम टेबल ओळखणाऱ्या माणसाचंच.

आम्ही जे केलं ते असं. शिबिरांच्या टेबलांसाठी वेगळा रूल सेट केला. त्यात वेगवेगळ्या मूल्यांची मर्यादा ८ वरून २ वर आणली, ती तिथपर्यंत खाली आणता येते. नुसत्या एए-एएस-एसएस या मजकुरावर नियम ठेवला असता तर भलतेच कॉलम सापडले असते, म्हणून कॉलमच्या नावाचाही नमुना जोडला. नावं मराठी, रोमन अक्षरांत, जितक्या तऱ्हांनी लोक लिहितात तितक्या: निकाल, जमात, जात, प्रवर्ग, शेरा, पाडा. 'आधार' एकट्याची किती स्पेलिंगं निघाली विचारू नका, डबल ए, सिंगल ए, मागे 'क्र', मागे 'नं'. ही यादी मी ऑफिसच्या डोक्याने केली नाही, ताई आणि रावेरचे यादी भरणारे काका यांना विचारून केली, कारण नवा कॉलम बनतो तेव्हा नाव तेच ठेवतात.

त्याशिवाय डेटाबेसमध्येच 'ॲड सेन्सिटिव्हिटी क्लासिफिकेशन' ही कमांड देऊन निकाल, जमात आणि शेरा या कॉलमना हाताने वर्गीकरण दिलं. याचा एक मोठा फायदा आहे आणि तो फार कमी लोक वापरतात: ऑडिटिंग, म्हणजे कुणी काय बघितलं याची नोंद, चालू असेल तर पुढे जो कुणी अशा कॉलमची क्वेरी करेल, त्याच्या ऑडिट नोंदीत संवेदनशीलतेची माहितीही लिहिली जाते. कुणी आणि कधी बघितलं ते सापडतं. पर्व्ह्यूची नोंद आणि ही नोंद या दोन वेगळ्या वह्या आहेत, एकीत लिहिलं म्हणजे दुसरीत लिहिलं गेलं असं समजू नका. दोन्ही जुळतात का ते दर स्कॅननंतर ताडून बघावं लागतं.

गाडीच्या हिशोबाचं टेबल वेगळं काढलं. दादांना निकाल बघायचा नव्हताच, डिझेल लिहायला दुसरी जागा नव्हती एवढंच. 'शेरा' आता दोन कॉलममध्ये आहे, एक कामाचा आणि एक 'फक्त ताईंसाठी', दुसरा कुठल्याही रिपोर्टमध्ये जात नाही.

शिबिरांच्या स्कीमामध्ये, म्हणजे डेटाबेसमधल्या त्यांच्या वेगळ्या कप्प्यात, नवं टेबल बनलं की त्यातला प्रत्येक कॉलम आता 'अतिगोपनीय' म्हणूनच सुरू होतो. स्कॅनमध्ये काही सापडो वा न सापडो. खाली आणायचा असेल तर ताईंनी कॉलमचं नाव वाचून 'चालेल' म्हणायचं, मग मी बदलते. मोलगीच्या शिबिराचं टेबल चढलंय, ताईंकडे यादी गेली आहे. त्यांनी आतापर्यंत तारीख आणि वाहन क्रमांक एवढेच दोन खाली आणू दिलेत. वजनाच्या कॉलमवर त्यांचं म्हणणं आहे की नर्सशी बोलून सांगते.